जुर्जिचचे पाहुणे

"उंदीर शोधतेस की काय गं तिथे?"

विदामावशीनं दारातूनच विचारलं, तेव्हा नेवेना प्रयोगशाळेतल्या फ्रीजमागे वाकून बसली होती. बाहेर आवारात मैल्याचा टँकर पीं पीं करत मागे येत होता.

"टोपण पडलं," नेवेना म्हणाली.

"कशाचं?"

"बाटलीचं."

"बरं, सापडलं तर सापडलं. तो टँकर आलाय बघ. बादली घे आणि नमुना घेऊन ये. तुझ्याच प्रयोगाला लागतो ना तो?"

"मावशी, आज तुम्ही आणता का? माझी पाठ धरलीये."

"पाठ! आणि माझ्या वयाला आलीस की काय करशील, लोळत येशील?" विदामावशीनं बादली उचलली आणि बडबडत बाहेर गेली. ती आमच्या सांडपाणी केंद्रातली जुनी तंत्रज्ञ. तोंडाची फटकळ, पण केलेलं काम कधी बोलून दाखवणार नाही.

नेवेना फ्रीजमागून उठली ती टँकर फाटकाबाहेर गेल्यावरच. टोपणबिपण काही पडलं नव्हतं. टँकर चालवणारा माणूस तिचा बाप होता.

आता हे केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यात नवलही नाही. आडनाव यॉवानोविच, आमच्या देशात एक दगड भिरकावला तर दोन यॉवानोविचांना लागेल. शिवाय मिलोये यॉवानोविचला केंद्रात नावानं हाक कोण मारणार? "टँकर आला का?" "टँकरला सांगा, नळी धुऊन जा." नदीपलीकडच्या गावांत गटारं नाहीत, घरोघरी शोषखड्डे आहेत. ते उपसून आणायचे आणि केंद्राच्या टाकीत रिते करायचे, हा त्याचा धंदा. वर्षानुवर्षं तो येत होता, रितं करत होता, टोपीला हात लावून जात होता.

नेवेना लहान होती तेव्हा शाळेतली पोरं तिला बघून नाकं दाबायची. एकदा वर्गात कुणीतरी तिच्या बाकावर साबणाची वडी ठेवली होती. ती रडत घरी आली. त्यानंतर शाळेच्या कार्यक्रमाला मिलोये कधी गेला नाही, बायकोला पाठवायचा. पोरगी हुशार निघाली, नीशच्या विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीला गेली. शेवटच्या वर्षाचं प्रशिक्षण कुठे, तर प्राध्यापकांनी नेमकं आमच्या भागातलं केंद्र दिलं. घर जवळ आहे, मुलीची सोय होईल, असा त्यांचा भला विचार.

तिनं घरी सांगितलं त्या संध्याकाळी मिलोये अंगणात मिरच्या भाजत होता. साल काळं होईपर्यंत तो त्या उलटवत राहिला. मग म्हणाला, "हे बघ, तिथे तू मला ओळखत नाहीस."

"बाबा, असं काय बोलता!"

"असंच बोलतो. तिथे मी टँकर आणि तू इंजिनियर. उगाच कशाला लोकांना हसायला कारण?"

ती "नाही, नाही" म्हणाली. दोनदा म्हणाली. पण मनातून तिला इतकं सुटल्यासारखं झालं, की तिची तिलाच लाज वाटली. तिसऱ्यांदा काही ती म्हणाली नाही.

प्रशिक्षण मात्र तिला मनापासून आवडलं. खोटं कशाला सांगू, पोरगी कामाची होती. पहिल्या दिवशी विदामावशीनं तिला मोठ्या टाकीच्या काठावर नेलं. खालून हवेचे बुडबुडे येत होते आणि तपकिरी पाणी उकळल्यासारखं घुसळत होतं. "वास घे," मावशी म्हणाली. नेवेनानं जीव मुठीत धरून वास घेतला. घाण नव्हती. नुकत्याच खणलेल्या वाफ्यासारखा वास होता.

"असा वास आला की समजायचं, गाळ जिवंत आहे," मावशी म्हणाली. "घाण आपण नाही खात, हे खातात. आपण नुसती हवा घालायची आणि त्यांच्या पोटाला सोसेल तेवढंच घालायचं."

मग सूक्ष्मदर्शकाखाली तिनं ते जीव दाखवले. देठावर डोलणाऱ्या इवल्याशा घंटा, तोंडाशी बारीक केसांचं चक्र गरगरतंय. नेवेना त्यांच्या नादी लागली. सकाळी आल्याबरोबर कोट घालायच्या आधी ती काचपट्टी बघायची.

तिचं संशोधनही त्यातलंच. शोषखड्ड्यातला मैला गटाराच्या पाण्यापेक्षा कितीतरी दाट. तो किती घातला तर गाळ पचवतो आणि किती घातला तर आजारी पडतो, हे तिला शोधायचं होतं. खिडकीपाशी माशांच्या पेटीएवढी पारदर्शक टाकी लावली होती, तिला एक छोटा हवेचा पंप. मोठ्या टाकीतला गाळ तिच्यात आणून घातला होता. त्या गाळाला ती रोज बापाच्या टँकरमधला मैला घालायची, दर आठवड्याला थोडा वाढवून. हे उत्तर मिळालं असतं तर सगळ्या गावांचे टँकर केंद्राला घेता आले असते. तोवर निम्मे टँकर तर ओढ्यातच रिते होत होते. बापाच्याच धंद्यावर ती शिकत होती, आणि बाप आला की फ्रीजमागे लपत होती.

कॉफीच्या वेळी एकदा विदामावशीनं विचारलं, "तुमच्या घरची स्लावा कुठली?"

आमच्यात हे विचारतातच. प्रत्येक घराण्याचा एक संत, त्याचा वर्षातला एक दिवस. बापाकडून मुलाकडे चालत आलेला.

"जुर्जिच," नेवेना म्हणाली.

"वा, म्हणजे नोव्हेंबरातच. आणि गाव कुठलं म्हणालीस?"

तिनं गाव सांगितलं. नदीपलीकडचं.

"तो टँकरपण तिथलाच ना?"

"असेल," नेवेना म्हणाली आणि कप धुवायला उठली.

आता चूक झाली ती इथे. आमच्यात स्लावेला बोलावणं करत नाहीत. बोलावणं करणं हाच अपमान. ज्याला दिवस ठाऊक आहे आणि घर ठाऊक आहे, त्यानं यायचं. आणि जो आला त्याला घरात घ्यायचं, मग तो कुणी का असेना. हे नेवेनाला दूध पिताना शिकवलेलं. पण फक्त तोंडातून टँकर हा शब्द जाऊ नये एवढ्याकडेच तिचं लक्ष होतं, दिवस आणि गाव आपण सांगून बसलो हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

नोव्हेंबर लागला तशी केंद्राच्या मागच्या शेडमध्ये भट्टी लागली. राकिया. आलुबुखार सडवून, आंबवून, तांब्याच्या हंड्यात उकळायचं आणि थेंब थेंब उतरवायचं. दरवर्षीच लागते, पण यंदा आलुबुखार इतका आला होता की फांद्यांना टेकू द्यावे लागले. जो तो आपापली पिंपं घेऊन आला. सगळ्यात जास्त पिंपं व्यवस्थापक वेसेलिन साहेबांची. हंड्याजवळ बसायला चेदा. तसा तो पंपांवरचा माणूस, पण भट्टीपुढे बसला की त्याला नवरदेव झाल्यासारखं वाटायचं. निखाऱ्यात बटाटे, काडीवर डुकराच्या चरबीचे तुकडे, आणि पहिल्या धारेचा गरम घोट. नेवेनालाही बोलावलं. तीही बसली.

हंडा रिकामा करायची वेळ आली की चेदा उरलेला आंबट लगदा सरळ येणाऱ्या पाण्याच्या नाल्यात ओतायचा.

"अरे, हे चालतं का?" कुणीतरी विचारलं.

"मग केंद्र बांधलंय कशाला?" चेदा म्हणाला. "खातील आणि झिंगतील बिचारे."

सगळे खो खो हसले. साहेबही हसले. नेवेनाही हसली.

हंड्यामागून हंडा उतरत राहिला. आणि एका सकाळी विदामावशीनं तिला सूक्ष्मदर्शकाकडे बोलावलं. "बघ जरा. माझेच डोळे गेले की काय."

नेवेनानं पाहिलं. देठ होते, घंटा होत्या. चक्रं फिरत नव्हती. एकसुद्धा नाही.

मोठ्या टाकीवर पांढरा फेस चढला होता. वाफ्याचा वास गेला होता, शिळ्या ताकासारखा आंबट भपका येत होता. दुपारपर्यंत नदीत सुटणारं पाणी गढूळ झालं. गळ टाकून बसलेल्या माणसांनी नगरपालिकेत फोन केले. नगरपालिकेनं साहेबांना फोन केला. साहेबांचा आवाज बाहेर पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता.

नेवेना काचेची बाटली घेऊन मागच्या शेडपाशी गेली. नाल्यात तिनं रंग बदलणारा कागद बुडवला. तो लालसर झाला. लिंबू पिळल्यावर व्हावा तसा. मग ती प्रयोगशाळेत येऊन आपल्या छोट्या टाकीपुढे उभी राहिली. छोट्या टाकीत बुडबुडे येत होते, गाळ तपकिरी होता. तिनं त्यातला थेंब काचेवर घेतला. घंटा डोलत होत्या. ह्या टाकीला भट्टीचं पाणी मिळालं नव्हतं. मिळत होता तो फक्त टँकरमधला मैला, तोही मोठ्या टाकीच्या मानानं कितीतरी जास्त.

इतकं स्पष्ट होतं ते. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

संध्याकाळी साहेबांनी मिलोयेला बोलावून घेतलं. कचेरीत साहेब, चेदा आणि नेवेना. नेवेनाला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. शिकलेलं माणूस जवळ असलं की बोलण्याला वजन येतं. मिलोये दारातच टोपी काढून उभा राहिला. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

"काय आणून ओतलंस रे तू?" साहेब म्हणाले. "कुठल्या कारखान्याचं ॲसिड उपसलंस? खरं सांग."

"साहेब, घरांचेच खड्डे. दुसरं काही नाही. आईशप्पथ."

"घरांचे खड्डे! सबंध केंद्र मेलं, आणि म्हणे घरांचे खड्डे!"

"ह्यांना काय," चेदा म्हणाला, "मिळेल ते ओढायचं नळीनं. कधी विचारतात का काय आहे म्हणून?"

मिलोये चेदाकडे बघत नव्हता, साहेबांकडे बघत होता. मुलीकडे तर चुकूनही बघत नव्हता. कबूल केल्याप्रमाणे.

साहेब वळले. "तुम्ही सांगा, नेवेना. तुम्ही तर ह्याच विषयावर काम करताय. ह्याच्या टँकरमुळे गाळ मरू शकतो की नाही?"

तिच्या प्रशिक्षणावर सही साहेबांची लागणार होती. हे एक. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी सही तिच्या डोक्यात नव्हती. तिच्या डोक्यात एवढंच होतं, की आपण ह्याच्या बाजूनं बोललो तर हे विचारतील, तुला त्याचा एवढा पुळका का? आणि मग बाकावरची ती साबणाची वडी.

"शक्य आहे," नेवेना म्हणाली.

"झालं!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "परवाना इथे ठेव. उद्यापासून फाटकात यायचं नाही."

मिलोयेनं खिशातून परवाना काढला, तो घडीचा कागद टेबलावर ठेवून हातानं सारखा केला आणि टोपी घालून गेला. टँकर सुरू झाल्याचा आवाज आला. नेवेना तळहात पुसत होती, कोटाला, पुन्हा पुन्हा. तिला वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारावी. पण साहेब म्हणाले, "शाब्बास. स्पष्ट बोलता तुम्ही. आवडलं आपल्याला."

घरी जेवताना मिलोयेनं बायकोला सांगितलं, टँकरचा पंप बिघडलाय, काही दिवस काम बंद. ल्युबिंका म्हणाली, "नेमका स्लावेच्या तोंडावर! आता सगळं उधारीवर आणायचं का?" तो म्हणाला, "होईल सगळं. मीठ दे जरा." मीठ नेवेनाच्या हाताशी होतं. तिनं दिलं. त्यानं घेतलं. ह्याउपर त्या दोघांत त्यावर एक अक्षर झालं नाही.

ती सकाळी केंद्रात जायची, संध्याकाळी यायची. भट्टी उरकली होती, हंडा घासून ठेवला होता. मोठ्या टाकीत शेजारच्या शहरातून नवा गाळ आणून घातला. विदामावशी फार बोलत नव्हती. एकदाच ती छोट्या टाकीपुढे थांबली, आतल्या बुडबुड्यांकडे बघत राहिली, म्हणाली, "ही मेली नाही गं."

"नाही," नेवेना म्हणाली.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि परीक्षानळ्या धुवायला घेतल्या.

जुर्जिचच्या दिवशी मिलोयेनं पहाटेच टँकर धुऊन शेजाऱ्याच्या बागेमागे नेऊन लावला आणि वर ताडपत्री टाकली. हे तो दर वर्षी करायचा. मग कातडी सोलेल इतके हात घासले, पांढरा शर्ट घातला. टेबलावर मेणबत्ती, संताच्या तसबिरीशी तुळशीची जुडी, मधोमध कोलाच. वर पिठाची पानं आणि कबुतरं काढलेली ती स्लावेची भाकरी. पाद्री सकाळी येऊन आशीर्वाद देऊन गेला होता. आमच्या बाजूला कोलाच मोडायचा तो दुपारी, पाहुण्यांदेखत. यजमान एका बाजूनं धरतो आणि घरातला दुसरा माणूस दुसऱ्या बाजूनं. मुलगा असला तर मुलगा. मिलोयेला मुलगा नव्हता, नेवेना धरायची.

दाराशी पाहुण्यांना झितो द्यायचं कामही तिचंच. शिजवलेले गहू, साखर आणि अक्रोड घालून कुटलेले. आल्या माणसानं चमचाभर घ्यायचं, छातीवर क्रूस काढायचा, मग आत.

फाटकापाशी गाडी थांबली. नेवेना ताट घेऊन दारात गेली आणि उंबऱ्यातच थांबली. कोट-टायमध्ये वेसेलिन साहेब. हातात बाटली घेतलेला चेदा. मागून केस नीट बसवत विदामावशी.

"बघा, सापडलं की नाही घर!" मावशी ओरडली. "म्हटलं, विद्यार्थिनी असलेल्या यॉवानोविचांचं घर कुठलं, तर कोंबड्यांनीसुद्धा दाखवलं असतं."

साहेबांनी झितोचा चमचा तोंडात घातला. "स्लावा सुखाची होवो. यजमान कुठेत?"

यजमान नेवेनाच्या मागेच उभे होते.

साहेब गळ्यात पडायला हात पसरून पुढे झाले. आमच्यात यजमानाचा तीनदा मुका घ्यायचा असतो, गालावर. साहेबांनी एकदा घेतला तेव्हा चेहरा नीट दिसला नव्हता. दुसरा घेताना दिसला. तिसरा कसा घेतला देवाला ठाऊक.

"टँकर?" चेदाच्या तोंडून निघून गेलं.

"मिलोये," मिलोये म्हणाला. "या. आत या. उभे का दारात? ल्युबिंका, पाहुण्यांना जागा कर."

परतायची सोय नव्हती. झितो तोंडात पडलं होतं. ते आत येऊन बसले. टेबलाभोवती शेजारीपाजारी होतेच, ते सरकले. यजमान स्लावेच्या दिवशी बसत नाही, दिवसभर उभा राहून वाढतो. मिलोयेनं साहेबांच्या पेल्यात राकिया ओतली, मग चेदाच्या, मग मावशीच्या. चेदानं आणलेली बाटली त्यानं दोन्ही हातांनी घेतली, कपाळापर्यंत उचलली, "कशाला त्रास घेतलात," म्हणाला आणि मानानं मधोमध ठेवली.

"माणसा," साहेब हळूच म्हणाले, "सांगायचंस तरी."

"काय सांगायचं, साहेब?"

"ही तुझी मुलगी म्हणून."

"आज घरात साहेबबिहेब काही नाही. पाहुणे आहेत. घ्या ना, सूप गार होतंय."

साहेबांना घाम फुटला होता. माणूस तसा वाईट नव्हता. हे असं काहीतरी आपल्या अंगावर आलं की ते दुसऱ्याच्या ताटात सरकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, एवढंच. त्यांनी घसा साफ केला. "परवान्याचं बघू हं आपण. पुढेमागे. मी काही मुद्दाम नाही केलं. मला तरी काय कळतं त्या गाळातलं."

"परवाना?" ल्युबिंका सुपाचं भांडं घेऊन उभी होती. "कसला परवाना? पंप बिघडलाय ना?"

चेदाच्या पोटात तोवर तीन पेले गेले होते, आणि चेदाला शांतता कधीच सोसत नाही.

"अहो वहिनी, पंप कसला! ह्यांनी काहीतरी ओतलं आणि आमचं केंद्र मेलं. आम्ही नाही म्हणत. तुमच्याच इंजिनियरबाईंनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, तर म्हणाल्या, शक्य आहे."

ल्युबिंकानं भांडं टेबलावर ठेवलं. ती मुलीकडे बघत राहिली. शेजारीही बघत राहिले.

"मीच सांगितलं होतं तिला," मिलोये म्हणाला.

"काय सांगितलं होतंत?"

"की मला ओळखू नकोस म्हणून. पोरगी बापाचं ऐकते, ह्यात बोलायचं काय? चला, उठा सगळे. कोलाच मोडू. नेवेना, ये."

सगळे उठले. नेवेना बापासमोर येऊन उभी राहिली. त्यानं कोलाच उचलला, तिनं दुसरी बाजू धरली. दोघांनी तो हळूहळू फिरवला. भाकरीवर ओतलेल्या वाइनचा वास येत होता आणि बापाच्या हातांना साबणाचा. मिलोयेनं वाकून भाकरीचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "ख्रिस्त आपल्यामध्ये आहे."

आता तिनं म्हणायचं, आहे आणि राहील. म्हटलं की मोडायचा.

"शक्य नव्हतं," नेवेना म्हणाली.

"काय?"

"शक्य नव्हतं, साहेब. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. माझ्या टाकीला मी रोज बाबांच्याच टँकरमधला मैला घालत होते. मोठ्या टाकीच्या मानानं जास्त. ती जिवंत आहे. जाऊन बघा, आत्ताही जिवंत आहे."

"नेवेना," मिलोये हलक्या आवाजात म्हणाला, "कोलाच हातात आहे."

"गाळ तुमच्या भट्टीनं मेला. चेदाकाका ते आंबट पाणी नाल्यात ओतत होते, तुम्ही समोर होतात, मीही होते. मी कागद बुडवून पाहिला होता. मला माहीत होतं, साहेब. सगळं माहीत असून मी बोलले तसं."

"पोरी, पाहुणे आहेत ते!"

हे मिलोये ओरडून बोलला नाही. पण आम्ही त्याला इतक्या वर्षांत तेवढ्या आवाजात बोलताना ऐकलेलं नव्हतं.

साहेबांनी पेला खाली ठेवला. कोटाची बटणं लावली. "यजमान," ते म्हणाले, "संताच्या घरी कुणी आमची अब्रू काढेल असं वाटलं नव्हतं." आणि ते खुर्च्यांमधून वाट काढत निघाले. चेदा एकदा मिलोयेकडे, एकदा भाजलेल्या मांसाच्या परातीकडे बघून त्यांच्यामागे गेला.

स्लावेच्या घरातून पाहुणा न जेवता उठून गेला, असं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. म्हातारी माणसं छातीवर क्रूस काढायला लागली. मिलोयेच्या हातात कोलाच. तो खाली टाकता येत नाही, तसाच ठेवताही येत नाही. त्यानं स्वतःच तिचं उत्तर म्हटलं, "आहे आणि राहील," आणि ओढून मोडला. आपला तुकडा ताटात ठेवला आणि बोडक्या डोक्यानं बाहेर धावला.

उघड्या दारातून सगळं दिसत होतं. साहेब गाडीत बसले होते. मिलोये खिडकीशी वाकून उभा होता, हात छातीवर. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, पण माफी मागणारा माणूस कसा उभा राहतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ल्युबिंका मांस आणि केक घातलेलं ताट फडक्यात बांधून घेऊन पळत गेली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं ते घेतलं. तेवढी रीत साहेबांनी पाळली.

नेवेना मोडक्या कोलाचचा तुकडा घेऊन तशीच उभी. विदामावशी जागची हलली नव्हती.

"बस खाली," मावशी म्हणाली. "सोमवारी दोन्ही टाक्यांचे नमुने मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवते. परवाना मिळेल तुझ्या बाबांना. नाही दिला तर नगरपालिकेत जाईन. तुझ्या प्रशिक्षणावरच्या सहीचं काय करतील ते माहीत नाही, ते तू बघ." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि माझ्याकडे असं बघू नकोस. दोन बाटल्या मीही नेल्यात त्या भट्टीच्या. वास मलाही आला होता."

मिलोये परत आला. पायपुसण्यावर बूट पुसले, केस हातानं मागे घेतले आणि टेबलाच्या टोकाशी आपल्या जागी उभा राहिला. रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्या त्यानं नीट आत सारल्या.

"बाबा," नेवेना त्याच्याजवळ गेली. "मी खरं तेच बोलले."

"हो. खरंच बोललीस."

"मग?"

तो पेल्यांमध्ये राकिया भरत होता. भरता भरता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "त्या दिवशी कचेरीत चारच माणसं होतो आपण. तिथे बोलली असतीस तर मला तेवढं पुरलं असतं, नेवेना. साऱ्या गावापुढे नको होतं."

नेवेनाला रडू येईना, आणि आलं असतं तरी स्लावेच्या घरात रडायचं नसतं.

तेवढ्यात बाहेर पुन्हा आवाज आले. म्हातारा रादिसाव आणि त्याची बायको, खालच्या आळीतले. मिलोयेनं बाटली खाली ठेवली, शर्टाची कॉलर सारखी केली. चेहऱ्यावर हसू आणलं. यजमानाला आणावंच लागतं.

"नेवेना, झितो आण. लोक आलेत."

तिनं ताट उचललं आणि दाराशी गेली. रादिसावनं काठी भिंतीला टेकवली, चमचाभर गहू घेतले, क्रूस काढला. त्याला कानानं कमी ऐकू येतं, आणि घडलं त्यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं तिला नीट न्याहाळलं. पांढरा ब्लाऊज, बांधलेले केस, हातात ताट.

"मिलोये," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, "देव अशी लेक सगळ्यांना देवो रे."

टेबलाशी बसलेल्यांनी माना खाली घातल्या.

"आमेन," मिलोये म्हणाला, आणि म्हाताऱ्याचा कोट काढून घ्यायला पुढे झाला.